टाकीतला क्लोरीन, ताटातलं मीठ
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



मी बँकेत आकडेमोड केलेला माणूस, डॉक्टर नव्हे. तरी आज पाण्याच्या टाकीवर बोलतो, कारण तिच्याबाबत माझ्याकडून एक चूक झाली आहे.

मी सचिव असताना एका पावसाळ्यात तक्रारी आल्या, पाण्याला ब्लीचिंगचा वास येतो, पोटात विष जातंय. वाद नको म्हणून मी पावडर बंद करायला सांगितली. १५ दिवसांत ४ घरांत जुलाब सुरू झाले. माझ्या नातवाला नांदेडला नेऊन सलाइन लावावं लागलं. उशाशी बसून बाटली वाचली: सोडियम क्लोराइड ०.९ टक्के. म्हणजे लिटरला ९ ग्रॅम मीठ! टाकीत नको म्हटलेल्या क्लोरीनचाच भाऊबंद पोराच्या शिरेतून चालला होता. पाणी काही आम्ही तपासलं नव्हतं, पण पावडर पुन्हा सुरू केली आणि साथ थांबली.

मग मी वाचायला लागलो. १९१५ साली युद्धात वायू म्हणून सोडला तेव्हा याच क्लोरीननं माणसं गुदमरून मेली. सोडियमशी जोडला की तेच आपलं मीठ. पोटातलं पाचक आम्लसुद्धा त्यापासूनच बनतं. रूप आणि माप बघायचं, नावाला भ्यायचं नाही.

माप सांगतो. १,००० लिटरला साधारण अडीच ग्रॅम चांगली पावडर. आपल्या २०,००० लिटरच्या टाकीला ५० ग्रॅम. पावडर टाकल्यावर अर्धा तास पाणी सोडायचं नाही. डबा उघडा राहिला की पावडरीचा जोर जातो.

एक मात्र हात जोडून सांगतो. संडास धुताना ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र करू नका. त्यातून तोच युद्धातला वायू निघतो, आणि आपल्या बाथरूमला खिडकी केवढी, ते तुम्हाला माहीत आहे.

मिठाचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी सांगते, म्हणजे जेमतेम एक चमचा. लोणचं, पापड, शेव त्यातच धरायचं. (आमच्या घरी हा हिशेब अजून जुळलेला नाही.) कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम क्लोराइड असतं, किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील, तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका.

ओटी टेस्टची बाटली सचिवांच्या कपाटात आहे. नळाच्या पाण्यात थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला, तर क्लोरीन आहे. रंग आला नाही, तर त्याच दिवशी सचिवांचं दार वाजवा.