जुन्या यंत्राची निगा



आंबोलीकरांना पावसाची थोरवी सांगणे म्हणजे समुद्राला मिठाची चव सांगणे होय. या दमट हवेत हौशी रेडिओच्या जुन्या भागांचे काय होते, एवढेच आम्ही सांगणार आहोत. पितळेच्या भांड्यात ताक कळकते, तसे तांब्यापितळेचे सांधे हिरवे पडतात. चांदीचा मुलामा दिलेली फिरती कळ काळवंडते आणि यंत्र मुके होते.

आमचा अपराध आधी कबूल करतो. अशी एक कळ आम्ही पॉलिशकागदाने घासली. ती लखलखली खरी, पण मुलामाच निघून गेला. पुढल्या पावसाळ्यात ती कायमची गेली. चिंचही लावू नये. तिचा आंबट अंश फटीत राहून धातू खातो. मऊ कुंचला, थोडे शुद्ध अल्कोहोल आणि सुकायला पुरेसा वेळ, एवढे पुष्कळ. मात्र वीज तोडल्यावरही कंडेन्सरात जिवावर बेतणारा भार उरतो. तो उतरवल्याखेरीज आत हात घालू नये.

हा खटाटोप कशासाठी? २७ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत उषा मेहता व त्यांचे सहकारी ४२.३४ मीटरवर गुप्त काँग्रेस रेडिओ बोलता करू शकले, ते हौशी तंत्रज्ञांच्या हातांमुळे. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी तो पकडला. अशा हातांनी जोडलेले भाग आज अनेक माळ्यांवर पडून आहेत. त्यांना चकचकीत करू नका, बोलते करा.