लाकडी नाचघर आणि आपली शनिवारची संध्याकाळ

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मी दोन शब्द बोलावेत असा अध्यक्षाबाईंनी आग्रह केला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची मला सवय नाही. हळदीकुंकवाला वाण देताना जे काय बोलते तेवढेच माझे बोलणे. तेव्हा चुकलेमाकले तर सांभाळून घ्या.

अमेरिकेत काय पाहिलेस ते सांग, असे तुम्ही पुष्कळदा म्हणता, आणि मी दरवेळी तिथले रस्ते नि दुकाने सांगून वेळ मारून नेते. पण एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे. ती आज सांगते, कारण आज तिचे काम पडले आहे.

२०१९ साली धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी मी कॅलिफोर्नियातल्या बर्कले गावी गेले होते. आईला एवढा प्रवास झेपणारा नव्हता, म्हणून डिंक, अळीव, बाळंतशेपा बांधून मीच निघाले. तीन महिने मी घर, बाळ आणि ओटा ह्यापलीकडे काही पाहिले नाही. इंग्रजी येत नाही, तर बोलणार कोणाशी? दुपारी खिडकीत उभी राहायची नि समोरून जाणाऱ्या मोटारी मोजायच्या. खोटे कशाला सांगू, दोनदा न्हाणीघरात जाऊन रडलेसुद्धा.

बाळाला तिसरा महिना संपला तेव्हा मेहुणे म्हणाले, "ताई, आज तुम्हांला गाणं ऐकायला नेतो." मला वाटले मोठे थिएटर असेल. मी चांगली काठाची साडी नेसले, अंबाडा घातला. आणि बघते तो काय, सॅन पाब्लो नावाच्या रस्त्यावर, दुकानांच्या रांगेत एक जुन्या धाटणीची लाकडी इमारत. आत एकच दिवाणखाना, लाकडी जमीन, एका टोकाला बुटकेसे व्यासपीठ. खुर्च्या होत्या त्या भिंतीकडेला थोड्याशा. मी मनात म्हटले, ह्याच्यासाठी का मी ही साडी नेसले!

त्या जागेचे नाव अश्केनाझ. युरोपातल्या ज्यू लोकांना अश्केनाझी म्हणतात. आपल्या अलिबागकडचे बेने इस्राएल ज्यूच, पण मराठी बोलणारे. हे युरोपातले निराळे. पोलंड देशात ह्या लोकांची लाकडी प्रार्थनामंदिरे होती. दुसऱ्या महायुद्धात हिटलरच्या सैन्याने ती बहुतेक सगळी नष्ट केली, आणि तिथे प्रार्थना करणारी माणसेही मारली. त्या मंदिरांच्या धर्तीवर एका जुन्या गोदामाला डेव्हिड नाडेल नावाच्या माणसाने हे रूप दिले. साल १९७३. त्याला लोकनृत्यांचे वेड होते. प्रथम तिथे पूर्व युरोपातले फेराचे नाच होत, आपल्या भोंडल्यासारखे हातात हात धरून. पुढे आफ्रिकेचे, ब्राझीलचे, जमैकाचे, अशा देशोदेशीच्या संगीताला त्याने तीच जागा दिली.

ह्या सगळ्याला आता वर्ल्ड म्युझिक म्हणजे जागतिक संगीत म्हणतात. मेहुणे सांगत होते की १९८७ साली लंडनमध्ये रेकॉर्डी काढणारी काही माणसे एकत्र बसली आणि त्यांनी हे नाव पक्के केले. कारण काय, तर दुकानात ह्या रेकॉर्डी कोणत्या फळीवर ठेवायच्या तेच कळेना! आपण मसाल्याच्या डब्यात ज्याला जागा नाही ते सगळे एका बरणीत भरतो ना, तसेच हे.

त्या दिवशी लुइझियाना प्रांतातल्या काळ्या लोकांचे संगीत होते. त्याला झायडेको म्हणतात. हे लोक क्रिओल, त्यांची मूळची भाषा फ्रेंच धर्तीची. कार्यक्रमाआधी पाऊण तास एक बाई पावले शिकवत होती, येईल त्याला. सत्तरीच्या आजोबांपासून शाळेतल्या पोरींपर्यंत सगळे एका रांगेत. मी बाळाला मांडीवर घेऊन भिंतीकडेला बसले. बाळाच्या कानांवर बहिणीने मोठी टोपणे बसवली होती.

वादक आले. एकाच्या गळ्यात अ‍ॅकॉर्डियन. दुसऱ्याच्या अंगावर पत्र्याचे चिलखत, खांद्यावरून छातीवर लोंबणारे, नि त्याला उभ्या पन्हळी. दोन्ही हातांत चमच्यासारखे काहीतरी घेऊन तो त्या पन्हळींवरून खरडू लागला आणि मी उठून उभीच राहिले. अहो, ती धुण्याची फळी होती! तिकडे पूर्वी बायका पन्हळीच्या फळीवर कपडे घासून धूत. वाद्य विकत घ्यायला पैसे नाहीत, म्हणून ती फळीच दोरीने गळ्यात अडकवून गडी वाजवू लागले. पुढे १९४६ साली क्लिफ्टन शेनिए नावाच्या मोठ्या कलावंताने एका पत्राकाम करणाऱ्या कारागिराकडून ती खांद्यावर बसेल अशी घडवून घेतली.

आणि झायडेको शब्दाचा अर्थ काय म्हणता? शेंगा! फ्रेंच भाषेत शेंगांना लेझारिको म्हणतात, त्याचे बोलता बोलता झायडेको झाले. शेंगांना चव नाही, कारण त्यांत घालायला खारवलेले मांस घरात नाही, अशी त्यांची एक जुनी म्हण आहे. म्हणजे यंदा दिवस वाईट आहेत. बहिणीने मला हे कानात सांगितले आणि माझ्या अंगावर काटा आला. फोडणीला तेल नाही म्हणून नुसत्या मिठाची आमटी आमच्या आईनेही केलेली आहे. भाषेचा एक शब्द कळत नव्हता, पण ती बाई माझ्या ओळखीची निघाली. तीन महिन्यांत प्रथमच मला परके वाटले नाही.

अ‍ॅकॉर्डियनही मला अनोळखी वाटेना. का, ते मागाहून कळले. आपली पेटी आणि ते वाद्य चुलत बहिणी. दोघींच्या पोटात भाता, आणि धातूच्या पट्ट्यांवरून वारा गेला की सूर. पेटी मूळची आपली नव्हेच. १८४२ साली पॅरिसमध्ये दबॅं नावाच्या गृहस्थाने हार्मोनियमचे पेटंट घेतले. ती पायांनी भाता मारून वाजवायची. मांडी घालून एका हाताने भाता मारता येईल अशी पेटी १८७५ च्या सुमारास कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी केली. परदेशी म्हणून १९४० साली तिला आपल्या रेडिओवर बंदीही झाली होती. ती १९७१ साली सैल झाली. रेडिओने दार लावले, पण आपल्या भजनीमंडळांनी तिला एक दिवससुद्धा दूर केले नाही. तेव्हा जागतिक संगीत म्हणजे काही नवलाईचे नाही. त्या कपाटात आपण ठेवली आहे ना, जिची एक पट्टी पावसाळ्यात अडकते, ती आपली पेटी म्हणजेच जागतिक संगीत.

तुम्ही विचाराल, लुइझियाना कुठे नि कॅलिफोर्निया कुठे? ह्या लोकांचे गाणे तिथे कसे आले? पोटामागे आले. दुसऱ्या महायुद्धात बर्कलेशेजारच्या रिचमंड गावी जहाजांचे मोठे कारखाने निघाले. तिथे ७४७ जहाजे बांधली गेली. त्या कामावर दूरदूरचे लोक आले, त्यांत हे क्रिओलही आले. दिवसभर जहाजे जोडायची आणि सुटीच्या रात्री कोणाच्या घरी, नाहीतर देवळाच्या सभागृहात बाके सरकवून आपला नाच करायचा. आपले कोकणातले गडी गिरणीत आले तेव्हा टाळ-मृदंग बरोबर घेऊन आले, आणि चाळीचाळीतून भजनीमंडळे उभी राहिली. अगदी तसेच.

आता मुख्य गोष्ट सांगते. दारात तिकिटे घ्यायला एक पांढऱ्या केसांची बाई बसली होती. मध्यंतरात ती माझ्या साडीकडे बघत आली आणि बोलू लागली. बहीण मला सांगत होती. ही बाई तिथली नोकर नव्हे. ती महिन्यातून चार वेळा फुकट येऊन दारात बसते. मी विचारले, का बरे? तेव्हा तिने सांगितले.

१९९६ च्या डिसेंबरात, दंगा करणाऱ्या एका माणसाला नाडेलने बाहेर काढले. त्या माणसाने परत येऊन त्याच्यावर गोळी झाडली. नाडेल दोन दिवसांनी गेला. पन्नाशीचाच होता. दाराला कुलूप लागले. सगळे त्याच्या एकट्याच्या जिवावर चाललेले. पुढे कोण बघणार? जागा गेली असे सर्वांनी धरले होते. पण तिथे नाचायला येणारी जी साधी माणसे होती, ती जमली. त्यांनी वर्गणी केली, संस्था नोंदवली, आणि १९९७ साली दार पुन्हा उघडले. तेव्हापासून कोणी तिकिटे घेते, कोणी जमीन झाडते, कोणी हिशेब ठेवते. ती बाई म्हणाली, "तो होता तोवर आम्ही पाहुणे होतो. तो गेला तेव्हा आम्हांला कळलं की घर आमचंच आहे."

हे वाक्य मी गाठीला बांधून आणले, आणि पाच-सहा वर्षे नुसते बांधूनच ठेवले. आज गाठ सोडते.

मैत्रिणींनो, ही आपली खोली आपल्या पहिल्या अध्यक्षाबाईंनी दारोदार फिरून उभी केली. त्या होत्या तोवर शनिवारची संध्याकाळ कधी चुकली नाही. भजन, गाणे, कधी नुसत्या ओव्या. २०२० च्या मार्चात महामारी आली, खोलीला कुलूप लागले. त्याच वर्षात बाई गेल्या. कुलूप पुढे निघाले, पण शनिवार काही परत आला नाही. गेल्या शनिवारी आपण सहाजणी होतो. त्यांतल्या दोघी चहा होताच उठल्या. मीही कुकर लावायचा म्हणून लवकर गेले, ते कबूल करते.

आता एका शिकवणीवाल्यांनी आठवड्याच्या साती संध्याकाळी भाड्याने मागितल्या आहेत. भाडे चांगले आहे. पत्रे गळतात, विजेचे बिल थकले आहे, हे मला ठाऊक आहे. हिशेबाच्या वहीवर माझीच सही आहे. म्हणून भाडे नको असे मी म्हणणार नाही. वाडीतल्या मुलांचा अभ्यास होईल, तेही हवेच. पण सहा संध्याकाळी द्या. सातवी देऊ नका. सातवी दिली की ही भाड्याची खोली झाली, मंडळ उरले नाही. त्या एका दिवसाचे भाडे बुडेल, त्याची तूट मी मांडून पाहिली आहे. आपण चाळीसजणींनी महिन्याला पंचवीस-पंचवीस रुपये जास्त घातले की ती भरते. पहिले पंचवीस मी आज देऊन ठेवते.

आणि त्या संध्याकाळी करायचे काय? तेच ते ऐकून कंटाळा येतो असे सुना म्हणतात. त्यांचे चूक नाही. तर मग शेजारच्यांना बोलवू या. तिसऱ्या गल्लीत गोव्याचे कुटुंब आहे. त्यांच्या आजोबांकडे घुमट आहे, मातीच्या मडक्याला चामडे ताणून केलेले. गोव्यात गणपतीच्या आरतीलाही ते वाजते आणि ख्रिस्ती लोकांच्या मांडोलाही. फरशी बसवायला आलेले राजस्थानी कामगार रात्री गच्चीवर गातात, ते आपण खिडकी लावून घेऊन ऐकतो.

आणि आपले राखणदारकाका. नेपाळचे. बावीस वर्षे मी त्यांच्या समोरून भाजीची पिशवी घेऊन जाते. "दार उघडा" ह्यापलीकडे मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. बर्कलेला मी खिडकीत उभी राहून मोटारी मोजत होते, तसेच हे बावीस वर्षे आपल्या दारात बसून मोटारी मोजत आहेत, हे माझ्या ध्यानातच आले नाही. गेल्या आठवड्यात चहा घेऊन गेले आणि विचारले, "काका, गावाकडे काय वाजवता?" ते मीटरच्या खोलीत गेले नि एक मादल घेऊन आले. आपल्या ढोलकीसारखे, पण दोन्ही बाजूंनी निमुळते. फडक्यात नीट गुंडाळून ठेवलेले. म्हणाले, "ताई, इथे वाजवलं तर कोणी तक्रार करेल, म्हणून वाजवत नाही."

मी त्यांना पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारचे बोलावणे करून आले आहे. मंडळाची परवानगी न घेता केले, त्याची क्षमा मागते. त्यांची पाळी आठला सुरू होते, म्हणून सहाला जमायचे. खुर्च्या मांडायच्या नाहीत, सतरंजी घालायची. झाडलोट माझ्याकडे. दारात कोण बसणार तेवढे कोणीतरी आताच सांगा.

येत्या सभेत हा विषय निघेल, तेव्हा हात वर करण्यापूर्वी एवढा विचार करा, अशी माझी सर्वांना हात जोडून विनंती आहे. कुकर सातला लावला तरी चालतो, हे मी घरी सांगून ठेवले आहे.