इंजिनाच्या खोलींतील डोळा

बोटींत बसणाऱ्याचें लक्ष समुद्राकडे असतें. बोट चालविणाऱ्याचें लक्ष मात्र दोन ठिकाणीं असावें लागतें. एक समोरच्या पाण्याकडे, आणि दुसरें पायांखालीं, फळ्यांच्या आड बंद असलेल्या इंजिनाच्या खोलीकडे. गेटवेहून मांडव्यास किंवा घारापुरीस जातांना आपल्या तळपायांस जी थरथर जाणवते, ती याच खोलींतून येते. मोठ्या जहाजावर या खोलीची राखण करण्यास इंजिनीअरांचा वर्ग असतो. लहान बोटीवर सारंग वर सुकाणूपाशीं गुंतलेला, आणि खालीं पुष्कळ वेळ कोणीच नसतें. अशा बोटींत एक-दोन कॅमेरे बसवून खालचें चित्र सुकाणूपाशीं पाहण्याची सोय आतां आटोक्यांतल्या खर्चांत होऊं शकते. ती कशी करावी आणि तिच्यावर कितपत विसंबावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

या खोलींत शत्रु दोन : आग आणि पाणी. डिझेल तेल सहजासहजीं पेट घेत नाहीं. परंतु नळीच्या बारीक चिरेंतून त्याचा फवारा उडून तापलेल्या लोखंडावर पडला, कीं क्षणार्धांत भडका होतो. म्हणूनच समुद्रावरील जीवितरक्षणाच्या १९७४ च्या आंतरराष्ट्रीय करारांत, ज्यास सोलास म्हणतात, असा नियम आहे कीं, २२० अंश सेल्सिअसच्या वर तापणाऱ्या ज्या भागावर तेल उडण्याचा संभव असेल, तो आवरणानें झांकलेला असावा. नियमांनीं बांधलेल्या मोठ्या जहाजांवरहि हा धोका संपलेला नाहीं. १० फेब्रुवारी २०१३ रोजीं मेक्सिकोच्या आखातांत ‘कार्निव्हल ट्रायम्फ’ या प्रचंड प्रवासी जहाजाच्या एका जनित्राची तेलाची लवचिक नळी गळली व इंजिनाच्या खोलींत आग लागली. प्राणहानि झाली नाहीं. परंतु चार हजारांहून अधिक माणसें चार दिवस जवळजवळ विजेवांचून समुद्रावर अडकून पडलीं.

लहान बोटीचें उदाहरण याहून बोलकें आहे. १४ जानेवारी २०१८ रोजीं अमेरिकेंतील फ्लॉरिडा प्रांतांत ‘आयलंड लेडी’ नांवाची बोट प्रवासी घेऊन निघाली. इंजिनास थंड ठेवणारा पाण्याचा पंप निकामी झाला आणि तापमान वाढल्याची सूचना सुकाणूपाशीं मिळाली. बोट माघारी वळली. पण तापलेलें इंजिन चालूच राहिलें. ज्या बंद कप्प्यांतून धुराच्या नळ्या जात होत्या तेथें आग लागली. त्या कप्प्यांत माणूस नव्हता, आणि आगीची वर्दी देणारें यंत्रहि नव्हतें. प्रवाशांना पाण्यांत उड्या टाकाव्या लागल्या, व एकाचा अंत झाला. सूचना मिळाली होती. परंतु खालीं काय चाललें आहे हें वर कोणास दिसत नव्हतें.

कोणी म्हणेल, झांकण उघडून पाहिलें असतें तर? श्रोतेहो, नेमका तोच प्रसंग टाळावयाचा असतो. आंत आग असतां झांकण उघडणें म्हणजे तिला हवा घालणें होय. शिवाय आग विझविण्यासाठीं खोलींत कर्बवायु सोडला असेल, तर तो आगीप्रमाणें माणसाचेंहि प्राण घेतो. झांकण न उघडतां आंत पाहतां येणें, हाच या कॅमेऱ्याचा सर्वांत मोठा गुण आहे. धूर दाटला तर त्यासहि दिसेनासें होईल. पण पडदा अकस्मात् पांढुरका किंवा काळा होणें हीहि एक वर्दीच समजावी.

आतां बसविण्याविषयीं. एक कॅमेरा उंच कोपऱ्यांत असा लावावा कीं, इंजिनाचे पट्टे, पंप आणि तेलाच्या नळ्या एका दृष्टिक्षेपांत याव्या. मात्र तो धुराच्या नळीच्या थेट वर नसावा. दुसरा बोटीच्या तळाकडे, जेथें पंख्याचा दांडा बाहेर जातो व पाणी सांचतें, तेथें वळवावा. मागें पट्ट्यांची खूण केलेली पांढरी फळी उभी केली, तर पाणी किती चढलें हें पडद्यावर चटकन् वाचतां येतें. अंधारांत अवरक्त किरणांवर चालणारे कॅमेरे चित्र दाखवितात, पण तें रंगहीन असतें. त्यांत तेल कोणतें व पाणी कोणतें हें ओळखणें कठीण. यासाठीं वरून लावतां येईल असा एक पांढरा दिवाहि असावा.

पोलादी किंवा ॲल्युमिनियमच्या भिंतींतून बिनतारी लहरी नीट जात नाहींत. तेव्हां तारच बरी. एकाच तारेंतून वीज व चित्र दोन्ही नेणारे कॅमेरे मिळतात. तार तापणाऱ्या भागांपासून दूर न्यावी, आणि भिंतीस पाडलेलें भोंक अग्निरोधक लांबीनें बुजवावें. नाहीं तर आगीला वाट मिळते आणि विझविणारा वायु निसटतो. पेट्रोलवर चालणाऱ्या बोटींत मात्र साधा कॅमेरा बसवूं नये. पेट्रोलची वाफ एका ठिणगीनें उडते. तेथें ठिणगी बाहेर पडणार नाहीं अशा खास बनावटीचींच विजेचीं उपकरणें चालतात.

एका फसगतीपासून विशेष सावध राहिलें पाहिजे. इंजिनाच्या खोलीचें चित्र तासन् तास सारखेंच दिसतें. कॅमेरा बिघडून चित्र जागच्या जागीं थिजलें, तरी पाहणाऱ्यास तें कळत नाहीं, आणि तो निर्धास्त राहतो. म्हणून फिरणाऱ्या दांड्यावर पांढरी खूण करावी किंवा वाऱ्याच्या झोतांत एक फीत बांधावी. तिची हालचाल दिसली म्हणजे डोळा जिवंत आहे. कांचेवर तेलाचा थर बसतो, तोहि नियमानें पुसावा.

आणि शेवटीं हें ध्यानांत ठेवावें कीं, कॅमेऱ्याला नाक नाहीं व हात नाहीं. जळक्या रबराचा पहिला वास त्याला येत नाहीं, तापलेलें बेअरिंग त्याला चाचपतां येत नाहीं. तळच्या पाण्याची, आगीची व उष्णतेची वर्दी देणारीं यंत्रें त्याच्या जोडीस हवींतच. वर्दी वाजली कीं सारंगानें पडद्याकडे पाहावें, आणि काय दिसलें असतां कोणतें इंजिन बंद करावयाचें, तेल कोठें तोडावयाचें, प्रवाशांस केव्हां जाकिटें चढवावयास सांगावयाचें, हें धक्का सोडण्यापूर्वींच ठरलेलें असावें. पाहणें यंत्रावर सोंपवितां येतें. निर्णय सोंपवितां येत नाहीं. एवढी खूणगांठ बांधली, तर हा लहानसा डोळा बोटीवरील साऱ्या जीवांचें मोल राखील.