वेदना ज्याची त्याची



एकच सुई दोघांना टोचली, तर एक हूं की चूं करीत नाही आणि दुसरा कळवळतो. पहिल्याला आपण सोशीक म्हणतो, दुसऱ्याला नाजूक. हा न्याय बरोबर आहे काय, एवढाच प्रश्न आज आपणापुढे मांडावयाचा आहे.

ठेच लागली की प्रथम तीक्ष्ण कळ येते आणि मागाहून ठणका सुरू होतो. कारण ही वार्ता नेणारे मज्जातंतू दोन प्रकारचे असतात. पातळ वेष्टण असलेल्या तंतूंतून ती सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने जाते. वेष्टण नसलेल्या बारीक तंतूंतून जेमतेम १ मीटर. ह्या तंतूंच्या अंगी सोडियमच्या कणांना आत घेणारी सूक्ष्म द्वारे असतात. ती उघडली तरच वार्ता पुढे सरकते.

उत्तर पाकिस्तानातील तीन कुटुंबांतील सहा मुलांविषयीचे संशोधन २००६ साली प्रसिद्ध झाले. त्यांना स्पर्श कळे, ऊन-गार कळे. वेदना मात्र जन्मापासून ठाऊक नव्हती. आनुवंशिक दोषामुळे एका जातीची द्वारे निकामी झाली होती. हे वरदान नव्हे! लहानपणी त्यांनी आपलेच ओठ, जीभ चावून जखमी केली होती. ज्या मुलामुळे हा शोध सुरू झाला, तो रस्त्यावर दंडात सुरे खुपसून खेळ दाखवी. १४ वर्षांच्या सुमारास छपरावरून उडी मारून तो दगावला. उलट तीच द्वारे वाजवीपेक्षा सहज उघडू लागली, तर साध्या उबेनेही हातपाय लाल होऊन त्यांची आग होते.

तुम्हीआम्ही ह्या दोन टोकांच्या मधले. आनुवंशिकतेखेरीज जागरण, चिंता, जुने दुखणे ह्यांनीही वेदना वाढते. मेंदू आणि मज्जारज्जू ती वार्ता कधी दाबतात, कधी फुगवितात. म्हणून ‘मला नाही एवढे दुखले’ हे माप दुसऱ्यास लावता येत नाही.

घरातील सून, मूल वा म्हातारे माणूस दुखते म्हणाले, तर प्रथम विश्वास ठेवावा. आणि मधुमेही वडीलधाऱ्यांचे काही दुखत नसले, तरी त्यांचे तळवे रोज पाहावेत. त्या रोगात मज्जातंतू बधिर होऊन जखम मुकाट चिघळते. कण्हणाऱ्याचे ऐकणे आणि न कण्हणाऱ्याकडे लक्ष ठेवणे, ही दोन्ही सेवाच आहेत.