यंत्र की सॉफ्टवेअर?

दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीत रात्र रात्र नाटक रंगते. वडशाच्या मंडळ्या गावोगाव हिंडतात. त्यांच्या वादकांत ऑर्गन-तबल्याशेजारी आता सिंथेसायझरही दिसतो. तेव्हा प्रश्न पडतो, हे यंत्र घ्यावे, की संगणकातील सॉफ्टवेअरवर भागवावे?

सॉफ्टवेअरला कालचे पोर समजू नये. मॅक्स मॅथ्यूज यांनी संगणकाकडून सूर वाजविले ते १९५७ साली. रॉबर्ट मूग यांचा सिंथेसायझर आला १९६४ साली. पुढे १९८३ मध्ये ‘मिडी’ हा संकेत ठरला आणि दोघांचे सूत जुळले.

घरी चाल बांधावयास सॉफ्टवेअर सोयीचे. चुकलेला स्वर पुसता येतो. परंतु भर मांडवात नट वाक्य लांबवितो, प्रेक्षक ‘वन्स मोअर’ची आरोळी ठोकतात. तेथे कळ दाबताच स्वर उमटला पाहिजे. संगणकाला क्षणभर विलंब झाला तरी रसभंग होतो. म्हणून रंगमंचासाठी आम्ही यंत्राच्या बाजूचे.

मात्र दोहोंपैकी काहीही घ्या, आधी भरून ठेवलेले संगीत लावून वादकाला घरी बसवू नका. नटासाठी थांबावयाचे ते वादकालाच कळते, आणि त्याचे घरही याच चार महिन्यांवर चालते.