ख्रिस्ती शाळा आणि सेवाग्रामचे ख्रिस्ती शिक्षक

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



वर्धा जिल्ह्यात 'कॉन्व्हेंट' हा शब्द आता ख्रिस्ती राहिलेला नाही. त्याचा मूळ अर्थ ख्रिस्ती संन्यासिनींचा मठ. परंतु वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव येथे एखाद्या देवीच्या वा संस्थापकाच्या मातोश्रींच्या नावापुढे तो जोडून जी शाळा निघते, तिचा येशूशी काडीचाही संबंध नसतो. संबंध असतो तो इंग्रजी माध्यमाशी, मुलाच्या गळ्यातील टायशी आणि वाढत्या शुल्काशी. ख्रिस्ती शाळेचे कवच समाजाने उचलले. आतला गाभा काय होता, याची चौकशी फारशी कोणी केली नाही.

ज्या शाळा खरोखर ख्रिस्ती संस्थांच्या आहेत, त्यांच्याविषयी दोन मते ऐकू येतात. तेथे धर्मांतराचे बाळकडू पाजले जाते, हे एक. तेथे शिस्त लागते आणि इंग्रजी सुधारते, हे दुसरे. पाचवी ते आठवीतील मूल तेथे दिवसभर काय शिकते, हे मात्र दोन्ही पक्ष विचारीत नाहीत. वस्तुतः उत्तर साधे आहे. राज्य मंडळाच्या शाळेत ते इतर मुलांप्रमाणेच भाषा, गणित, विज्ञान, इतिहास व भूगोल शिकते. अनेक ठिकाणी ख्रिस्ती मुलांना धर्मशिक्षणाचा आणि इतरांना मूल्यशिक्षणाचा तास असतो. घटनेच्या २८व्या कलमानुसार शासनमान्य वा अनुदानित शाळेत कोणाही मुलाला पालकाच्या संमतीवाचून धर्मशिक्षणास बसविता येत नाही. ३०वे कलम अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था काढण्याचा व चालविण्याचा हक्क देते. या हक्कावर आज जे हल्ले होतात, त्यांच्याविरुद्ध समाजवाद्यांनी निःसंदिग्धपणे उभे राहिलेच पाहिजे.

हा संशय आजचा नाही. वर्धा जिल्हा जुन्या मध्यप्रदेशात होता आणि नागपूर ही त्याची राजधानी होती, तेव्हा १९५४ मध्ये मिशनरी कार्याच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली गेली. १९५६ च्या तिच्या अहवालाने मिशनच्या शाळा व इस्पितळे यांना धर्मांतराची साधने ठरविले. तिचे एकमेव ख्रिस्ती सदस्य एस. के. जॉर्ज हे वर्ध्याच्या वाणिज्य महाविद्यालयात प्राध्यापक होते. सविनय कायदेभंगाच्या काळात गांधीजींच्या बाजूने उभे राहून त्यांनी कलकत्त्याच्या बिशप्स कॉलेजातील जागा सोडली होती. समितीचे काम चालू असताना त्याच राज्यात, सेवाग्रामला, मार्जोरी साइक्स ही इंग्लंडमध्ये जन्मलेली क्वेकर पंथाची शिक्षिका काम करीत होती. तिचे विद्यार्थी काय शिकत होते, हे त्या वादात कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते.

ती हकिगत विस्ताराने सांगण्याजोगी आहे. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन आणि निमंत्रक ई. डब्ल्यू. आर्यनायकम्. आर्यनायकम् हे सिलोनचे तमिळ ख्रिस्ती. शांतिनिकेतनात रवींद्रनाथांजवळ काम करून ते वर्ध्याला आले होते. सदस्यांत विनोबा, काका कालेलकर, किशोरलाल मश्रुवाला यांच्याबरोबर दुसरे ख्रिस्ती होते, ते मगनवाडीच्या ग्रामोद्योग संघाचे जे. सी. कुमारप्पा. मुसलमान अध्यक्ष आणि ख्रिस्ती निमंत्रक असलेल्या या समितीच्या योजनेत कोणत्याही धर्माचे पंथीय शिक्षण नव्हते. आजच्या स्वरूपात शिकविले जाणारे धर्म ऐक्याऐवजी कलह वाढवितात, असे कारण गांधीजींनी १९३८ मध्ये 'हरिजन'मध्ये दिले होते.

मग होते काय? समितीचे वेळापत्रकच पाहावे. साडेपाच तासांच्या शाळेत मूलोद्योगाला ३ तास २० मिनिटे. संगीत, चित्रकला व गणित मिळून ४० मिनिटे. मातृभाषा ४० मिनिटे. समाजशास्त्र व सामान्य विज्ञान ३० मिनिटे. व्यायाम १० मिनिटे आणि सुटी १० मिनिटे. वर्धा हा कापसाचा जिल्हा. सरकी काढणे, पिंजणे, पेळू करणे, सूत कातणे या कामांतूनच मुलाने गणित शिकावे, सुताचा अंक काढताना भागाकार शिकावा, आणि हाच कापूस बोटीने मँचेस्टरला का गेला, या प्रश्नातून इतिहास शिकावा, अशी कल्पना होती. सेवाग्रामच्या शाळेत याला सफाई, परसबाग व सामुदायिक स्वयंपाक यांची जोड मिळाली. संडास सर्वांनी साफ करावयाचा, आणि त्याच्या खतापासून विज्ञानाचा पाठ सुरू व्हावयाचा. ज्या देशात विष्ठा उचलणे हे एका जातीच्या कपाळी लिहिलेले होते, तेथे या एका पाठाचे मोल नीतिशास्त्राच्या दहा पुस्तकांहून अधिक आहे.

मार्जोरी साइक्स १९२८ मध्ये मद्रासच्या बेंटिंक या मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकविण्यासाठी भारतात आल्या. तेथून शांतिनिकेतन, आणि १९४९ मध्ये सेवाग्राम. कुमारप्पांनी तर १९४२ च्या लढ्यानंतरच्या तुरुंगवासात एकीकडे येशूच्या आचारविचारांवर आणि दुसरीकडे चिरस्थायी अर्थव्यवस्थेवर पुस्तक लिहिले. त्यांच्या दृष्टीने हे दोन विषय नव्हतेच. सुताराच्या घरी वाढलेल्या गुरूचा अनुयायी श्रमाला कमी लेखू शकत नाही, ही साधी गोष्ट या मंडळींनी शाळेत उतरविली.

या योजनेचे दोष झाकण्याचे कारण नाही. शाळेचा खर्च मुलांच्या उत्पादनातून निघावा, या अपेक्षेला वर्ध्याच्या परिषदेतच प्रा. के. टी. शहा यांनी विरोध केला होता आणि तो रास्त होता. मुलाच्या कातण्यावर मास्तरांचा पगार अवलंबून राहिला की शिक्षण संपते. त्याहून मोठा घात स्वातंत्र्यानंतर झाला. बुनियादी शाळा खेड्यातील गरिबांसाठी राहिली आणि तिचे गोडवे गाणाऱ्यांची मुले इंग्रजी शाळांत गेली. इंग्रजी वगळून हातात टकळी देणारे शिक्षण दलित पालकाला वडिलोपार्जित जातिधंद्याची पुनरावृत्ती वाटले असेल, तर त्याला दोष देता येणार नाही. मात्र याच संदर्भात जोतीराव फुल्यांचे स्मरण ठेवावे. पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात प्राथमिक शाळेत शेतीचे प्राथमिक ज्ञान व आरोग्याचे पाठ मागितले होते. उच्च शिक्षणावर उधळला जाणारा पैसा बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाकडे वळवा, हा त्यांचा आग्रह त्याच निवेदनातला. ज्ञान आणि श्रम यांची फारकत त्यांना मान्य नव्हती, आणि श्रम फक्त शूद्रांच्या वाट्याला येणे तर मुळीच नाही.

आज काय दिसते? २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुतार, माळी, कुंभार यांच्यासारख्या कारागिरांबरोबर काम करण्याची तरतूद केली. १९३७ मध्ये रोज ३ तास २० मिनिटे, आणि आता तीन वर्षांत दहा दिवस! सेवाग्रामला २००५ पासून 'आनंद निकेतन' ही शाळा मराठी माध्यमात शेती, स्वयंपाक, शिवण यांतून शिकविते, हे या जिल्ह्याचे भाग्य. पण ती एकच.

दुसरी बाब प्रवेशाची. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा दुर्बल घटकांतील मुलांना दिल्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने अल्पसंख्याकांच्या शाळा या कायद्यातून वगळल्या. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्या निकालाविषयी शंका व्यक्त करून प्रश्न सरन्यायाधीशांकडे पाठविला. न्यायालयात काय व्हायचे ते होईल. पण वगळणुकीचा अर्थ मनाई नव्हे. शेतमजुराचे मूल आपल्या बाकावर बसविण्यापासून कोणत्याही ख्रिस्ती संस्थेला कायदा अडवीत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी ख्रिस्ती संस्थाचालकांकडे जावे ते दोन मागण्या घेऊन: प्रवेशाच्या वर्गात मजुरांच्या मुलांना जागा, आणि पाचवी ते आठवीच्या वेळापत्रकात बागेचा, स्वयंपाकाचा वा सफाईचा रोज एक तास, तोही सर्वांना सारखा. देवीच्या नावाच्या कॉन्व्हेंटांकडेही याच मागण्या न्याव्यात. तेथे तर २५ टक्क्यांचा कायदा लागूच आहे, तो पाळला जातो की नाही हे प्रवेशाच्या दिवसांत फाटकापाशी उभे राहून पाहावे लागेल. ख्रिस्ती शाळेत जाताना कुमारप्पांचे येशूवरील पुस्तक बरोबर असले तर बोलणे सोपे जाईल.