रक्तदाब उतरण्याआधी



सावित्रीच्या काठी, गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या सव येथे तातडीच्या उपचारांची परिषद भरावी, हे औचित्याला धरून आहे. कारण शॉकसंबंधीचे एक संशोधन, ज्याची दखल पुढे जगाने घेतली, ते याच महाड तालुक्यात, साधनांची वानवा असलेल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील अनुभवातून आकाराला आले.

शॉक म्हणजे भीतीने बसलेला धक्का नव्हे, तर शरीरातील पेशींना पुरेसे रक्त, आणि रक्ताबरोबरचा प्राणवायू, न पोहोचण्याची अवस्था होय. रक्तदाब उतरला म्हणजे शॉक, ही समजूत घातक आहे. कारण प्रौढ माणसाच्या सुमारे पाच लिटर रक्तापैकी एक ते दीड लिटर वाहून जाईपर्यंत शरीर त्वचेकडील रक्तवाहिन्या आवळून आणि हृदयाची गती वाढवून दाब टिकवून धरू शकते. म्हणून जलद नाडी, गार व घामेजलेले हातपाय, वाढलेला श्वास, अस्वस्थता किंवा गुंगी आणि नख दाबून सोडल्यावर दोन सेकंदांनंतरही न परतणारी लाली, ही लक्षणे रक्तदाबमापकाच्या आधी बोलतात, आणि ती वाचण्यासाठी हात, डोळे व घड्याळ एवढीच साधने पुरतात.

मात्र शॉक ओळखणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो कोणत्या जातीचा आहे हे ठरवणे महत्त्वाचे, आणि हा धडा कोकणाला लाल विंचवाने दिला. या विंचवाच्या विषाने शरीरात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, दाब आधी चढतो आणि त्या दाबाविरुद्ध झुंजणारे हृदय थकले की फुप्फुसांत पाणी साचून रुग्ण फेसाळ थुंकी टाकू लागतो. बिरवाडीच्या केंद्रातील अनुभवातून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी उलटी, भरपूर घाम, गार हातपाय आणि मुलग्यांमध्ये लिंगाची ताठरता ही पूर्वलक्षणे टिपून १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडली, आणि आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या प्राझोसिन या साध्या, तोंडाने देता येणाऱ्या गोळीचा उपयोग १९८६ मध्ये त्याच नियतकालिकातून प्रसिद्ध केला. तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत असलेला गंभीर विंचूदंशाचा मृत्युदर या उपचारानंतर एका टक्क्याच्या आसपास आला. पुढे २०११ मध्ये ‘बीएमजे’त आलेल्या चाचणीत प्राझोसिनसोबत विंचूप्रतिविष दिलेल्या ३५ पैकी ३२ रुग्णांची लक्षणे दहा तासांत पूर्ण ओसरली, तर केवळ प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकी ८ जणांचीच.

यातून निघणारा नियम स्पष्ट आहे. हातपाय गार आहेत म्हणून सरसकट जोरात सलाईन सोडणे हे विंचूदंशात पाणी साचू लागलेल्या फुप्फुसांवर आणखी भार टाकणे ठरते. तेथे गोळी द्यावी, रुग्णाला आडवेच ठेवावे, कारण उठताच दाब घसरू शकतो, आणि उलटी-घामाने गेलेले पाणी शुद्धीवर असल्यास तोंडाने भरून काढावे. उलट आंबेनळी किंवा कशेडी घाटातील अपघातात रक्तस्राव थांबवणे हेच पहिले औषध असते. जखमेवर थेट दाब, हातापायाचा स्राव दाबाने न थांबल्यास पट्टबंध, आणि पहिल्या तीन तासांत ट्रॅनेक्झॅमिक आम्ल. गांधीलमाशीच्या दंशाने किंवा इंजेक्शनने अंगावर गांधी उठून श्वास कोंडला, तर मांडीच्या स्नायूत ॲड्रेनलिन देण्यास विलंब करू नये. एकाच्या बाबतीत जीव वाचवणारी कृती दुसऱ्याच्या बाबतीत जीव घेऊ शकते.

महाड-पोलादपूरच्या भूगोलात ही निवड रुग्णालयाच्या दारापर्यंत लांबणीवर टाकता येत नाही. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात बस दरीत कोसळली तेव्हा दोर लावून खाली उतरणारे ट्रेकर आणि ग्रामस्थ हेच पहिले मदतनीस होते; २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली, तेव्हा महापुराने रस्ते बुडाल्यामुळे बाहेरची मदत पोहोचण्यास विलंब झाला. राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची सेवा ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली, ही मोठी उपलब्धी आहे. परंतु जिथून रुग्णाला डोलीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावे लागते, त्या वाडीसाठी रुग्णवाहिका हा उपचाराचा दुसरा टप्पाच ठरतो.

म्हणून या परिषदेने तीन अपेक्षा शासनापुढे व स्वतःपुढे ठेवाव्यात. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात व उपकेंद्रात प्राझोसिन, ॲड्रेनलिन, ट्रॅनेक्झॅमिक आम्ल आणि दाबपट्ट्या मुदत तपासून ठेवलेल्या असाव्यात. आशा कार्यकर्त्या, पोलीस पाटील, एसटीचे चालक-वाहक आणि घाटातील हॉटेलवाले यांना नाडी, त्वचा व श्वास पाहण्याचे आणि रक्तस्राव थांबवण्याचे शिक्षण दरवर्षी पावसाळ्यापूर्वी मिळावे. आणि रुग्णासोबत जाणाऱ्या कागदावर दंशाची किंवा अपघाताची वेळ, दिलेले औषध व त्याची मात्रा लिहिलेली असावी, जेणेकरून पुढच्या डॉक्टराला तीच मात्रा नकळत पुन्हा देण्याची पाळी येणार नाही. बिरवाडीच्या निरीक्षणांचे सामर्थ्य महागड्या यंत्रांत नव्हते, ते रुग्णाच्या उशाशी बसून तासातासाला केलेल्या नोंदींत होते. ती शिस्त प्रत्येक उपकेंद्राच्या नोंदवहीत उतरली, तर या तालुक्यांतून पुढचे संशोधनही उभे राहील.